मुडीतले बियाणे आणि त्याची कीड

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हळदीकुंकू, भरतकामाचे प्रदर्शन आणि पाककृतींची चढाओढ यांच्या मध्येच कोणी उठून भातातल्या किड्यांवर बोलू लागावे, हे जरा चमत्कारिकच दिसते. चिटणीसबाईंना मी विषय कळविला तेव्हा त्यांनी "याहून काही गोड विषय नाही का?" असे हसत विचारलेही. पण आजच्या सभेत ज्या भगिनी बसल्या आहेत त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणींच्या घरी या घटकेला बियाण्याचे भात ठेवलेले आहे. कोणाच्या माळ्यावर मुडी आहे, कोणाच्या पडवीत पिंप आहे, कोणी खताच्या रिकाम्या गोणीत भरून कोपऱ्यात उभे केले आहे. मृगाला अजून तीन महिने आहेत. हे तीन महिनेच बियाण्याच्या जिवावरचे असतात, म्हणून हा विषय आजच मांडणे मला भाग वाटले.

नांगर पुरुषांनी धरला तरी बी सांभाळण्याचे काम आपल्या कोकणात पहिल्यापासून बायकांकडेच आहे. कापणीच्या वेळी कोणत्या कुणग्यातली लोंबी बियाण्याला घ्यावयाची, ती कधी झोडावयाची, किती उन्हे द्यावयाची, हे सासू सुनेला दाखवी आणि सून पुढच्या सुनेला. खाण्याचे भात आणि बियाण्याचे भात यांत फरक आहे तो हाच. खाण्याच्या भाताला कीड लागली तर आपण ते उन्हात घालतो, पाखडतो, चार शिव्या देतो आणि शिजवून खातो. शेरभर भात कमी झाले एवढीच हानी. बियाण्याच्या दाण्याला मात्र एक भोक पडले की त्या दाण्याचे प्रकरण तेथेच संपण्याचा संभव असतो.

भाताचा एक दाणा सोलून पाहा. त्याच्या देठाकडच्या टोकाला बाजूस एक बारीक पांढुरका ठिपका दिसतो. तोच अंकुर. बाकीचा सारा तांदूळ म्हणजे त्या अंकुराला दिलेली शिदोरी होय. पान हिरवे होऊन रोप स्वतःचे अन्न स्वतः करू लागेपर्यंत त्याला या शिदोरीवरच दिवस काढावे लागतात. किड्याने अंकुर खाल्ला तर दाणा उगवतच नाही. शिदोरी खाल्ली आणि अंकुर राहिला तर पुष्कळदा तो उगवतो, आणि येथेच आपली फसगत होते. कारण असे रोप पिवळे, बारीक आणि दुबळे निघते. तरव्यात पाण्याचा एक लोंढा आला किंवा चार दिवस उघडीप पडली की ते बसते. मग आपण म्हणतो की यंदा पाऊसच विचित्र होता. पावसाला दोष देणे सोपे असते, तो काही उलट बोलत नाही!

आता हे किडे कोण ते पाहू. नावे पुष्कळ आहेत, परंतु आपल्याला मुख्यतः तिघांशी काम आहे.

पहिला सोंड्या. तांदूळ निवडताना आपण ज्याला पोरकिडा म्हणून बाजूला काढतो तोच हा. काळपट तपकिरी, तांदळाच्या कणीएवढा, पुढे बारीक सोंड. याची मादी मोठी हुशार. ती सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि वरून चिकट पदार्थाने ते भोक बुजवून टाकते. बाहेरून दाणा अगदी धड दिसतो. आत अळी जन्मते, आतच खाते, आतच कोष करते आणि पुरता किडा झाल्यावर भोक पाडून बाहेर येते. म्हणजे आपल्याला किडा दिसतो तेव्हा त्याचे जेवण उरकलेले असते. एक मादी आपल्या आयुष्यात दोन-तीनशेपर्यंत अंडी घालते, आणि उबदार हवेत अंड्यापासून किडा होण्यास सुमारे महिना पुरतो. आता हिशेब करा. एका मादीच्या पोटच्या दहाच माद्या जगल्या असे धरले, तरी माघात एक असलेली मादी वैशाखाअखेर दहा हजारांवर जाते. म्हणूनच शिमग्यापर्यंत "आमचे भात स्वच्छ आहे" म्हणणारीच्या घरी मे महिन्यात एकदम हाहाकार होतो. कीड एकदम आलेली नसते, ती मोजण्याइतकी झालेली असते एवढेच.

दुसरा पतंग. गवताच्या काडीच्या रंगाचे हे लहानसे पाखरू मुडी हलविली की भुरकन उडते. हे पाखरू स्वतः काहीच खात नाही, त्याला तोंड असून नसल्यासारखे. खाते ती त्याची अळी. ती भाताच्या टरफलाच्या सांध्यातून आत शिरते, आणि कोषात जाण्यापूर्वी बाहेर पडण्याची सोय म्हणून दाण्याला आतून एक गोल खिडकी कोरून ठेवते. खिडकीवर पातळ पापुद्रा तेवढा राहतो. पुढे पाखरू तो ढकलून बाहेर येते. मूठभर भात उजेडात धरले तर अशा खिडक्या नीट दिसतात. या पतंगाचे इंग्रजी नाव फ्रान्समधील अँगूम्वा प्रांतावरून पडले आहे. तेथे त्याने धान्याचा इतका नाश मांडला की १७६० साली फ्रान्सच्या विद्वत्सभेने द्यूआमेल द्यू माँसो आणि तिये या दोघा पंडितांना चौकशीसाठी पाठविले, आणि १७६२ साली त्यांनी त्यावर ग्रंथच प्रसिद्ध केला. तेव्हा मुडीला लागलेल्या किडीमुळे आपल्याला ओशाळण्याचे कारण नाही, हिने राजेरजवाड्यांना घाम फोडला आहे.

तिसरा एक बारीक, लांबट, नळीसारखा भुंगेरा. त्याचे डोके खाली वळलेले असते, म्हणून वरून पाहिले तर दिसतच नाही. हा आणि याची अळी दोघेही दाणे पोखरतात, आणि खाण्यापेक्षा नासाडी अधिक करतात. पिंपाच्या तळाशी पिठासारखी भुकटी साचलेली दिसली की हे याचे काम समजावे. तांदळात जाळी करणारी अळी आणि पिठातला तांबडा किडा हेही आहेत, पण ते सडलेल्या किंवा फुटक्या दाण्यांवर जगणारे. धड टरफलाच्या बियाण्याला त्यांची फारशी भीती नाही.

ही कीड येते कोठून? याचे उत्तर मला जरा सविस्तर द्यावयाचे आहे, कारण यावरून कित्येक घरांत उगीच बोलणी खावी लागतात. भाताला कीड लागली की सून गबाळी ठरते. वास्तविक पतंगाची मादी रात्री उडत जाऊन शेतात उभ्या असलेल्या पिकाच्या लोंब्यांवरही अंडी घालते. सोंड्यालाही पंख आहेत. म्हणजे अंडे दाण्याबरोबर शेतातूनच घरात येऊ शकते, आणि घर कितीही सारवलेले असले तरी ते त्याच्या वेळेला फुटते. स्वच्छता हवीच. जुन्या मुडीचा पेंढा पुन्हा वापरू नये, कणगीच्या कुडातल्या फटी शेणमातीने बुजवाव्यात, गेल्या सालचे उरलेले भात नव्याशेजारी ठेवू नये. पण केवळ केरसुणीने ही लढाई जिंकता येत नाही, आणि हरली तर तो केरसुणी धरणारीचाच दोष असेही नाही.

खरा बंदोबस्त दोन गोष्टींत आहे. एक टरफल आणि दुसरा कोरडेपणा.

भाताचे टरफल हे देवाने दिलेले चिलखत आहे. त्याच्या दोन पाकळ्या एकमेकींत अशा अडकलेल्या असतात की धड दाण्यात शिरणे सोंड्याला कठीण जाते. तडा गेलेला किंवा तोंड उघडे राहिलेला दाणा मिळाला की त्याचे फावते. म्हणून आपल्या आज्या बियाण्याचे भात बैलांच्या पायांखाली घालू देत नसत. निवडक पेंढ्या फळीवर हाताने, बेताने झोडीत. आता मळणीयंत्र आले आहे आणि त्याने बायकांचे कष्ट वाचविले आहेत. मला त्याच्याविरुद्ध काही म्हणावयाचे नाही. मात्र यंत्राचा वेग भरमसाट ठेवला तर दाणे फुटतात आणि टरफले चिरतात. खाण्याच्या भाताला ते चालते. बियाण्यापुरत्या दहा-वीस पेंढ्या वेगळ्या काढून हाताने झोडण्यास एक सकाळ पुरते. काही जुन्या जातींची टरफले फार घट्ट मिटलेली असतात व त्यांना कीड कमी लागते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकींना असेल, आणि शास्त्रज्ञांनाही टरफलाच्या घट्टपणाचा व किडीचा असाच संबंध आढळला आहे.

आता कोरडेपणा. दाण्यात पाणी जितके अधिक तितकी कीड सुखी. हॅरिंग्टन नावाच्या एका अमेरिकन बीजतज्ञाने एक सोपा आडाखा सांगून ठेवला आहे: बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य दुप्पट होते. सरकारी प्रमाणित बियाण्याच्या पिशवीत भाताचा ओलावा तेरा टक्क्यांहून अधिक चालत नाही, उगवण शेकडा ८० च्या खाली चालत नाही, आणि किडीने खाल्लेले दाणे अर्धा टक्का, म्हणजे दोनशे दाण्यांत एक, याहून जास्त चालत नाहीत. आपल्या मुडीतले दोनशे दाणे मोजून पाहा म्हणजे हे माप किती कडक आहे ते कळेल.

ओलावा मोजण्याचे यंत्र आपल्याकडे नाही. तरी दोन परीक्षा घरच्या घरी होतात. दाणा दातांखाली धरून चावावा. 'कट्' असा आवाज होऊन तुटला तर सुकला, नुसता दबला तर अजून ऊन हवे. दुसरी परीक्षा मिठाची. काचेच्या कोरड्या बरणीत थोडे कोरडे बारीक मीठ आणि मूठभर भात घालून झाकण लावावे, चांगले हलवावे आणि थोडा वेळ ठेवावे. मीठ बरणीच्या अंगाला चिकटले तर ओलावा पंधरा टक्क्यांहून अधिक आहे असे समजावे. ऊन देताना पातळ थर करावा आणि अधूनमधून हात फिरवावा. तापलेल्या डांबरी रस्त्यावर ओलसर बियाणे पसरण्याची पद्धत अलीकडे पडली आहे, ती मला मुळीच पसंत नाही. फार चटका बसला तर किड्याबरोबर अंकुरही मरतो, आणि वरून गाड्यांची चाके जातात ती वेगळीच. आणखी एक गोष्ट पुष्कळजणी घाईत विसरतात. उन्हातले भात गरम असतानाच पिंपात भरून झाकण लावू नये. आत त्याला घाम सुटतो आणि दिवसभराची मेहनत पाण्यात जाते. सावलीत निवू द्यावे, मग भरावे.

येथे मला मुडीबद्दल थोडे बोलावयाचे आहे. पेंढ्याच्या दोरीने आवळून बांधलेली ती गोल मुडी चुलीवरच्या माळ्याला असे. खाली तिन्हीत्रिकाळ चूल पेटे, धूर आणि ऊब वर जाई, आणि पावसाळी हवेतही मुडी सुकी राही. ही व्यवस्था कोणी ग्रंथ वाचून केली नव्हती, पण ती पक्की होती. आता घरोघर गॅस आला. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर तर वाडीवस्तीवरही शेगड्या पोचल्या. चुलीच्या धुराने आपल्या आयांचे डोळे आणि छाती कशी झाली ते आपण पाहिले आहे, म्हणून तो धूर परत यावा असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. चूल गेली, धूर गेला आणि मुडी मात्र त्याच माळ्यावर राहिली. तिच्याखालचा पहारा उठला हे तिला कोणी सांगितलेच नाही! "पूर्वी मुडीतले बी राहत असे, आता राहत नाही, काळच फिरला" असे जे ऐकू येते त्याचे एक कारण मला हे वाटते.

मग करावे काय? गॅसच्या घरात मुडीपेक्षा घट्ट झाकणाचे पिंप किंवा पत्र्याचा डबा बरा, पण बियाणे कडकडीत सुकलेले असेल तरच. ओलसर बी हवाबंद डब्यात ठेवणे म्हणजे ते आपल्या हाताने कुजविणे होय. सुकलेले बी गच्च, वरपर्यंत भरून बंद केले की आतल्या किड्यांनाही श्वास घ्यावयास हवा उरत नाही. देशावर ज्वारीची पेवे असत त्यांचे तत्त्व हेच. पेव उघडल्यावर एकदम आत उतरलेली माणसे गुदमरून दगावल्याच्या हकिकती तिकडे जुन्या लोकांना ठाऊक आहेत. जी हवा माणसाला पुरत नाही ती किड्याला कोठून पुरणार? डबा अर्धाच भरत असेल तर लहान डबा घ्यावा, आणि रोज झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा.

राखेचा उपाय जुना आणि चांगला आहे. चाळलेली, थंड, कोरडी राख दाण्याला पातळ लेप बसेल इतकी चोळावी. किड्याच्या अंगावर मेणासारखा थर असतो, तो राखेच्या बारीक कणांनी खरवडला जातो आणि किडा सुकून मरतो. भाताच्या तुसाची राख तर बहुतेक सारी वाळूच्याच जातीच्या द्रव्याची असते, ती यासाठी उत्तम. निरगुडीचा किंवा कडुनिंबाचा सुकवलेला पाला घालण्यासही हरकत नाही. त्याच्या वासाने बाहेरचा किडा लांब राहतो. परंतु दाण्याच्या आत बसलेल्या अळीला पाला काही करीत नाही. नुसता पाला टाकून निश्चिंत होणे मला पटत नाही.

आता जे सांगणार आहे ते कृपा करून नीट ऐका. बाजारात कीड मारण्याच्या गोळ्या मिळतात. कोणी शेजारीण "दोन गोळ्या टाक, सगळे साफ" म्हणून पुडीत बांधून देते. यांतील अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने विरघळून विषारी वायू सोडतात. त्यावर उतारा नाही. या गोळ्या गोदामांसाठी आहेत, आणि त्या जाणत्या माणसांच्या देखरेखीखालीच वापराव्यात असा सरकारी निर्बंध आहे. ज्या खोलीत मुले झोपतात त्या खोलीत धान्याच्या पिंपात त्या टाकल्या, आणि सकाळी मुले उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचलेल्या आहेत. एके काळी बी.एच.सी.ची भुकटीही अशीच सर्रास शिंपडीत असत. पुढे १९९७ साली तिच्यावर देशात बंदी आली, तोपर्यंत ती किती घरांच्या पोटात गेली असेल कोण जाणे. बियाण्याचे भात गेले तर बी पुन्हा मिळविता येते. ज्या बियाण्याला औषध चोळले आहे ते तर चुकूनही दळणात किंवा कोंबड्यांच्या पुढे जाऊ नये, त्याच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.

पेरणीपूर्वी दोन परीक्षा अवश्य कराव्यात. पहिली मिठाच्या पाण्याची. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे. पोकळ, किडके आणि फोल दाणे वर तरंगतात, ते काढून टाकावे. तळाशी बसलेले बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवावे. ही युक्ती योकोई नावाच्या जपानी शेतीतज्ञाने १८८२ साली काढली, आणि १९५३ च्या सुमारास आपल्याकडे जपानी भातशेतीची मोहीम निघाली तेव्हा ती गावोगाव पोचली. मोहीम लोक विसरले, मिठाचे पाणी मात्र अजून विसरू नये असे आहे. दुसरी परीक्षा उगवणीची. न निवडता शंभर दाणे घ्यावे, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करावी, रोज पाणी शिंपडावे आणि आठव्या दिवशी धड मोड आलेले दाणे मोजावे. ऐंशीच्या वर आले तर ठीक. साठच आले तर बियाणे त्या मानाने अधिक लागेल. चाळीसच्या खाली आले तर दुसरे बी शोधण्यास अजून वेळ असतो. मृगाच्या पहिल्या सरीनंतर कळून उपयोग नाही, कारण तेव्हा सगळ्यांनाच बी हवे असते. पूर्वी अशा वेळी सावकाराकडून सवाई-दिढीने बी आणावे लागे, म्हणजे मणाला दीड मण परत. आता दुकानातून पिशवी आणतात. पिशवीत वाईट बी असते असे माझे म्हणणे नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या जातींनी कोकणाचे पीक वाढविले हे खरे आहे. पण घरची जात एकदा गेली की ती कोणत्याही दुकानात मिळत नाही.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच वाडीत एका म्हाताऱ्या बाईंकडे वालयचे बी होते. त्या जातीचा लाल तांदूळ बाळंतिणीच्या पेजेला म्हणून त्या एका लहानशा कुणग्यात दरसाल करीत. आजारपणामुळे त्यांच्याने त्या साली उन्हे देणे झाले नाही. मे महिन्यात मुडी सोडली तर घरभर पाखरे. शंभर दाण्यांत तेवीस उगवले. मुलगा म्हणाला, टाकून द्या. सुनेने ऐकले नाही. तिने सगळे बी मिठाच्या पाण्यात घातले, तळाशी राहिलेले पायलीभरही नव्हते, ते परसात एका वाफ्यात पातळ फेकले आणि एकेक रोप करून लावले. त्या साली पेजेला तांदूळ मिळाला नाही, सगळे बियाण्यालाच ठेवले. पुढच्या साली कुणगा पुन्हा भरला. सासूबाई तेव्हा नव्हत्या. ती सून आज या सभेत बसली आहे. नाव घेतलेले तिला आवडणार नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणी जपल्याबद्दल, हे आपण जाणताच. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. आपल्या मंडळात तर शिकलेल्या मुली पुष्कळ आहेत. म्हणून माझी एक सूचना कार्यकारिणीपुढे आहे. वालय, मुणगा आणि अशाच आणखी एखाद-दोन जातींचे थोडे थोडे बी मंडळाने स्वतः ठेवावे. दोन घरांत, दोन वेगळ्या पिंपांत, म्हणजे एकीकडे कीड पडली तरी दुसरीकडे राहील. दरसाल ते पेरून नवे करून घ्यावे लागेल, नुसते डब्यात ठेवून चालणार नाही. त्याला कोणाचा तरी एक लहान कुणगा हवा, आणि तो कोणी देईल का हे मी येथेच विचारते.

दुसरे असे की एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या ओसरीवर आपण सगळ्यांच्या बियाण्याची उगवण एकदमच लावू. प्रत्येकीने आपल्या मुडीच्या किंवा पिंपाच्या वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे असे मूठभर भात कागदात बांधून, त्यावर आपले नाव व जातीचे नाव लिहून आणावे. गोणपाटाचा एक हातभर तुकडाही सोबत आणावा, मंडळाकडे तेवढे गोणपाट नाही. आठव्या दिवशी, म्हणजे पुढच्या सोमवारी सकाळी, मोजणीला यावयाचे आहे. ज्यांना येणे जमणार नाही त्यांचे दाणे शाळेतल्या मुली मोजून ठेवतील.